माउंटन लायन अन्नसाखळीत नेमका कुठे बसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, युटा इकडे राहणारी किंवा फिरायला येणारी आपली मंडळी ट्रेलच्या तोंडाशी लावलेला माउंटन लायनच्या इशाऱ्याचा तो पिवळा बोर्ड बघतात आणि मग एकेक प्रश्न सुरू होतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न "आपल्याला खाईल का" हाच असतो, त्याचं उत्तर खाली आहे, पण मला विचाराल तर या जनावराबद्दल त्याहून भारी गोष्टी बऱ्याच आहेत.

हा सिंहच आहे का?

नाही हो. नावात लायन असला तरी सिंहाशी नातं लांबचं. प्यूमा, कूगर, माउंटन लायन, फ्लोरिडातला पँथर, सगळं एकच जनावर. याला डरकाळी फोडता येत नाही, घरच्या मांजरासारखा घुरघुरतो, आणि जवळचे नातेवाईक म्हणजे चित्ता आणि दक्षिण अमेरिकेतलं जॅग्वारुंडी नावाचं एक छोटं मांजर. नर साधारण ५५ ते १०० किलोच्या मधे कुठेतरी, मादी बरीच लहान. कॅनडातल्या युकॉनपासून पार चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत हा सापडतो, दोन्ही अमेरिका खंडांत जमिनीवरचा दुसरा कुठलाच जंगली सस्तन प्राणी एवढ्या लांबवर पसरलेला नाही.

अन्नसाखळीत तो सगळ्यात वर असतो ना? शाळेत तर तसंच शिकलो.

पुस्तकातल्या चित्रात हो. गवत-पाला पहिली पायरी, तो खाणारं हरीण दुसरी, आणि हरीण खाणारा माउंटन लायन तिसरी. रॅकून (मांजरापेक्षा थोडा मोठा, सगळं खाणारा प्राणी) किंवा कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या मधला) खाल्ला तर अजून एक पायरी वर, कारण तेही कुणाला तरी खाऊनच जगतात. आणि दर पायरीला खालची साधारण दहा टक्केच ऊर्जा वर पोचते, बाकीची त्या प्राण्याच्या जगण्यातच, पळण्यात, अंग गरम ठेवण्यात खर्च होते. म्हणून हरणं शेकड्यांनी आणि हा एखाद-दुसराच, चांगल्या जंगलातसुद्धा १०० चौरस किलोमीटरमधे दोन-चार मोठे प्यूमा असले तरी खूप झालं, आणि एकेका नराचा इलाका शेकडो चौरस किलोमीटरचा असू शकतो.

पण प्रत्यक्षात "सगळ्यात वर" ही जागा काही कायमची बुक केलेली नसते. लॉस एंजेलिसच्या डोंगरात हा खरंच वर आहे, कारण तिथे लांडगे नाहीत आणि ग्रिझली अस्वलं केव्हाच संपली. हाच प्राणी लांडगे-अस्वलांच्या यलोस्टोन पार्कात नेला की तो दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर घसरतो. ॲमेझॉनच्या बाजूला गेलात तर तिथे जॅग्वार त्याच्या डोक्यावर बसलेला. त्यामुळे "माउंटन लायनचं स्थान काय" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठला माउंटन लायन?

म्हणजे त्याला कोण त्रास देतं? एवढा मोठा शिकारी आहे की.

शिकारी मोठा आहे पण एकटा आहे, तिथेच सगळं अडतं. लांडगे टोळीने येतात. यलोस्टोनमधे १९९५ आणि १९९६ साली लांडगे परत आणून सोडले, त्याच्या आधी कित्येक वर्षं तिथे लांडगा नव्हताच, तर लांडगे आल्यावर प्यूमा मोकळ्या माळावरून सरकून खडकाळ, कडेकपारीच्या, झाडीच्या भागात जास्त राहायला लागले, जिथे पटकन झाडावर किंवा कड्यावर चढून जीव वाचवता येतो. लांडगे त्याची शिकार हिसकावतात आणि पिल्लं सापडली तर मारतात. यलोस्टोनशेजारच्या ग्रँड टेटन पार्कच्या आसपासच्या अभ्यासात तर लांडग्यांमुळे प्यूमांची संख्याच दबलेली दिसली.

अस्वलांचं वेगळंच. अस्वल फार भांडत पण नाही, वास काढत येतं, बसतं आणि खायला लागतं. याला आपलं निघून जावं लागतं. तुम्ही म्हणाल भांडत का नाही, तर हिशोब सोपा आहे, याचं पोट चालतं ते याच्या चार पायांवर आणि सुळ्यांवर, एक पाय जायबंदी झाला तर शिकार बंद आणि आणून द्यायला टोळी नाही. त्यापेक्षा एक हरीण सोडून दिलेलं परवडतं. फक्त मग दुसरं मारावं लागतं, आणि उत्तर कॅलिफोर्नियात मेंडोसिनोच्या जंगलात नेमकं हेच दिसलंय, काळी अस्वलं शिकार लुटतात म्हणून प्यूमा जास्त हरणं मारतात. म्हणजे मेलेल्या हरणांचा हिशोब प्यूमाच्या नावावर आणि पोट भरलं अस्वलाचं.

पिल्लांना अजून एक धोका असतो तो स्वतःच्याच जातीच्या परक्या नराचा.

खातो काय?

मुख्य म्हणजे हरीण. उत्तर अमेरिकेत म्यूल डिअर आणि पांढऱ्या शेपटीचं हरीण, त्याशिवाय एल्क म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, डोंगरी मेंढ्या. सोबत बारीकसारीक खाणं चालूच, ससे, रॅकून, बीव्हर, साळिंदरसुद्धा, काट्यांसकट कसं जमवतो त्याचं त्यालाच माहीत.

पण जागेप्रमाणे मेनू इतका बदलतो की मजा वाटते. फ्लोरिडात रानडुकरं आणि आर्माडिलो. पॅटागोनियात ग्वानाको, म्हणजे उंटाच्या कुळातला लांब मानेचा प्राणी. आणि अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर मॉन्ते लिऑन नॅशनल पार्कमधे चक्क पेंग्विन! तिथे आधी मेंढपाळांचा मुलूख होता, प्यूमाला बघितलं की मारायचे, मग मेंढ्या गेल्या, पार्क झालं, प्यूमा परत आले आणि बघतात तर किनाऱ्यावर हजारो मॅगेलॅनिक पेंग्विन उभे, पळता न येणारे. हंगामापुरतं का होईना, याच्यासारखं सोपं जेवण दुसरं नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण डेथ व्हॅलीचं आहे. तिथल्या वाळवंटात माणसांनी कधीकाळी खाणकामासाठी आणलेली गाढवं मोकाट सुटून जंगली झालीत आणि पाणवठे तुडवून वाट लावतात अशी तक्रार. बरीच वर्षं समज असा की गाढवाला तिथे शत्रूच नाही. मग ट्रॅप कॅमेऱ्यात माउंटन लायन गाढवं मारताना सापडला, जास्त करून लहान शिंगरं. आणि ज्या पाणवठ्यांवर ही शिकार होते तिथे गाढवं थोडाच वेळ येतात, तेही दिवसा, आणि तिथली हिरवळ शाबूत. जिथे शिकार होत नाही तिथे दिवसरात्र मुक्काम आणि सगळं तुडवलेलं. प्रत्येक गाढव मारावं लागत नाही, "इथे तो असू शकतो" एवढी भीतीच पुरते.

शिकार कशी करतो आणि किती दिवसांनी?

दबा धरून. लांब पाठलाग याला जमत नाही, झुडपाच्या, खडकाच्या आडोशाने जमेल तितकं जवळ जायचं आणि मग मागच्या पायांच्या जोरावर एक-दोन झेपांत खेळ संपवायचा, मानेत नाहीतर नरडीत सुळे. मागचे पाय पुढच्यापेक्षा लांब असतात ते याच्यासाठीच. झेप चुकली तर बहुतेक वेळा नाद सोडून देतो.

मोठ्या प्यूमाला साधारण आठवडा-दहा दिवसांनी एक हरीण लागतं, पिल्लंवाली आई असेल तर त्याहून लवकर. शिकार झाली की ओढत झाडाखाली नेतो, खातो, उरलेल्यावर पाला, माती, बर्फ जे असेल ते ओढून झाकून ठेवतो आणि दोन-चार दिवस परत परत येऊन खातो. ट्रेलवर असा पाल्याखाली अर्धवट झाकलेला, केसं उपटलेला हरणाचा सांगाडा दिसला तर फोटो काढत बसू नका, मालक जवळच असतो.

एवढं मोठं हरीण, सगळं एकटा संपवतो?

नाही, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला वाटतं हाच आहे, पण तो फार कमी जण विचारतात.

यलोस्टोन आणि ग्रँड टेटनच्या परिसरात संशोधकांनी प्यूमाच्या शिकारींवर कॅमेरे लावले, तर उष्टं खायला आलेले पक्षी आणि सस्तन प्राणी मिळून ३९ जाती मोजल्या. अस्वल, कोल्हे, कायोटी, गरुड, डोमकावळे हे अपेक्षितच, पण त्याशिवाय मुंगसासारखा मार्टेन, खारी, उंदीर, आणि चिमणीएवढे छोटे पक्षी चरबी टोचून नेणारे. नंतर त्याच भागात मढ्याभोवतीचे किडे गोळा केले तर नुसत्या भुंगेऱ्यांच्याच २१५ जाती निघाल्या! त्यातले काही तिथेच अंडी घालतात, तिथेच त्यांची पिल्लं वाढतात, म्हणजे त्यांच्यासाठी एक मेलेलं एल्क म्हणजे अख्खं गाव. पुढे त्या जागची माती सुपीक होते, तिथला पाला जास्त कसदार होतो आणि तो खायला परत हरीण येतं.

म्हणजे एकाने वाढून ठेवलेली पंगत आहे ही आणि यजमानालाच अर्ध्यात उठवतात. गंमत अशी की लांडग्यांची टोळी शिकार करते तेव्हा खाणारी तोंडं घरचीच जास्त असतात, हा एकटा असल्यामुळे आणि वर भित्रा असल्यामुळे बाकीच्यांना भरपूर उरतं. २०२२ साली आजवरचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर माउंटन लायनचा कुठल्या ना कुठल्या प्रकारे संबंध येतो अशा ४८५ जाती निघाल्या. साखळी कसली, जाळंच आहे ते, आणि ते मुख्यतः उष्ट्यावर चालतं.

अँडीज पर्वतात कॉन्डॉर या मोठ्या गिधाडांचं तर पोटच प्यूमावर आहे. अर्जेंटिनातल्या सान गिय्येर्मो नॅशनल पार्कमधे प्यूमा व्हिकुन्या मारणार आणि कॉन्डॉर त्यांच्यावर जगणार असं चाललेलं. व्हिकुन्या म्हणजे ग्वानाकोचाच लहान भाऊ. २०१४ च्या सुमारास व्हिकुन्यांमधे खरजेची साथ आली आणि ते जवळजवळ संपले. मग जिथे ते चरायचे त्या माळावर गवत वाढलं, आणि खायला मढीच राहिली नाहीत म्हणून कॉन्डॉर दिसेनासे झाले. एक खरजेचा किडा आणि तीन मजले हलले.

तो नसला तर काय बिघडतं?

हरणं वाढतात, आणि नुसती वाढतात असं नाही तर बिनधास्त होतात. युटाच्या झायन नॅशनल पार्कचं उदाहरण बघा, झायन कॅन्यनमधे पर्यटकांची एवढी गर्दी की माउंटन लायन तिथून सटकले, म्यूल डिअर वाढले, त्यांनी कॉटनवूडची रोपं कोवळी असतानाच खाल्ली, मग म्हातारी झाडं आहेत पण तरुण नाहीत, आणि ओढ्याचे काठ ढासळायला लागले. शेजारच्या नॉर्थ क्रीकमधे माणसं कमी, प्यूमा आहेत, तिथे कॉटनवूडही आहेत, फुलं, बेडूक, फुलपाखरंही जास्त. हा २००६ चा अभ्यास.

दुसरं नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे ॲरिझोनाचं कैबाब पठार. १९०६ साली तिथे हरणांसाठी राखीव क्षेत्र केलं, प्यूमा आणि बाकीचे शिकारी शेकड्यांनी मारले, हरणं बेसुमार वाढली आणि १९२४ नंतर उपासमारीने पटापट मेली. कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकात हेच होतं. नंतर १९७० मधे यावर आक्षेप आले की हरणांचे आकडे अंदाजपंचे होते आणि त्याच काळात तिथली मेंढ्या-गुरांची चराईही कमी झाली होती, मग श्रेय किंवा दोष नुसता शिकाऱ्यांना कसा द्यायचा? मला हा आक्षेप पटतो. हरणं वाढली हे खरं, पण "शिकारी मारले म्हणून हे झालं" इतकं सरळ निसर्गात क्वचितच असतं, झायनच्या बाबतीतही थोडं जपूनच बोलावं.

अमेरिकेच्या पूर्वेला फ्लोरिडा सोडलं तर माउंटन लायनची वस्ती उरलेली नाही, पूर्वेकडचा कूगर २०१८ मधे अधिकृतपणे नामशेष म्हणून यादीतून काढला. आणि तिथे हरणं गाड्यांवर आपटणं ही रोजची गोष्ट. एका अभ्यासाचा अंदाज असा की तो तिकडे परत आला तर हरणं कमी होऊन ३० वर्षांत सुमारे १५५ माणसांचे जीव वाचतील आणि २१,४०० जखमी व्हायचे टळतील. आपण तो किती माणसं मारतो हेच मोजत असतो, किती वाचवू शकतो ते कुणी मोजत नाही. बाय द वे, यायचा प्रयत्न चालू आहे, साउथ डकोटातून निघालेला एक तरुण नर पार कनेटिकटपर्यंत चालत गेला होता, २०११ मधे तिथे गाडीखाली आला.

आजारी हरणंच पकडतो हे खरं का?

अर्धं खरं. याला जे सापडेल ते धरतो, धट्टीकट्टीही. पण कोलोरॅडोत असं आढळलं की मेंदूचा जो हरणांचा रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, तो झालेली हरणं याच्या शिकारीत प्रमाणापेक्षा जास्त होती. बंदूकवाल्या शिकाऱ्याला न दिसणारा ढिलेपणा दबा धरून बसलेल्याला बरोबर दिसतो.

दुर्मिळ प्राण्यांनाही खात असेल तर?

खातो ना. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या डोंगरी मेंढ्या आधीच मोजक्या, एखादा प्यूमा त्यांच्यामागे लागला तर कळपाचं कंबरडं मोडतं. त्याला कुठे माहितीये कोण संरक्षित यादीत आहे. अशा वेळी प्यूमाला पकडून दुसरीकडे सोडण्यापर्यंत वेळ येते, आणि दोन्ही बाजूंनी वन्यजीवप्रेमीच भांडत असतात.

आणि कायोटी?

मारतोही आणि पोसतोही. उष्टं खायला आलेल्या कायोटीला तिथेच गाठून मारल्याची उदाहरणं भरपूर आहेत, तरी ते येतात, फुकटचं जेवण सुटत नाही.

माणूस या साखळीत कुठे येतो?

वर. अगदी वर. कॅलिफोर्नियात १९०७ ते १९६३ माउंटन लायन मारला की सरकार इनाम द्यायचं, त्यात १२ हजारांहून जास्त मारले गेले. १९९० मधे लोकांनी मतदान करून तिथे शौकाच्या शिकारीवर बंदी आणली, पण पश्चिमेच्या बऱ्याच राज्यांत अशी शिकार आजही कायदेशीर आहे.

आणि न मारताही माणूस त्याच्या जेवणात लुडबुड करतोच. सांताक्रूझच्या डोंगरात, म्हणजे सॅन होजे-क्यूपर्टिनोच्या अगदी पाठीमागे, संशोधकांनी प्यूमाच्या शिकारीजवळ स्पीकर लपवले आणि माणसांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावलं. बहुतेक वेळा तो जेवण टाकून पळाला. बेडकांचा आवाज लावला तर ढिम्म. घरांच्या जवळ राहणाऱ्या माद्या सारख्या अशा उठून जातात, अर्धवट खातात आणि मग भूक भागवायला हरणं जास्त मारतात, साधारण ३६ टक्के जास्त. म्हणजे अस्वलाने जे मेंडोसिनोत केलं तेच आपण इथे नुसत्या गप्पा मारून करतो, आणि आपल्याला ते हरीण नकोही असतं.

उंदरांच्या औषधाचा आणि याचा काय संबंध?

थेट संबंध, आणि वाईट. उंदीर मारायचं जे रक्त पातळ करणारं विष असतं ते खाऊन उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस फिरतो, त्याला कायोटी नाहीतर रॅकून खातो, त्याला माउंटन लायन खातो, आणि विष एकेक पायरी चढत वर येतं. वर बसण्याचा हा तोटा, खालची सगळी घाण शेवटी तुमच्या यकृतात. लॉस एंजेलिसचा पी-२२ नावाचा प्रसिद्ध माउंटन लायन, जो दोन मोठे फ्रीवे ओलांडून ग्रिफिथ पार्कमधे येऊन राहिला आणि २०१२ पासून हॉलिवूडच्या पाटीखाली एकटा जगला, तो २०१४ मधे खरजेने भयानक दिसत होता आणि त्याच्या रक्तात हेच विष सापडलं. उपचार झाले, सावरला. शेवटी म्हातारपण, आजार आणि गाडीची धडक बसल्यासारख्या जखमा म्हणून डिसेंबर २०२२ मधे त्याला इंजेक्शन देऊन शांत केलं. त्याच वर्षी एप्रिलमधे आगौरा हिल्सला १०१ फ्रीवेवर जनावरांसाठी पूल बांधायचं काम सुरू झालं. गॅरेजमधे उंदीर झाले तर पिंजरा लावा, विष नको, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आपल्या बिबट्यासारखाच आहे का?

जागा बरीच तशीच. बिबट्याही एकटा, दबा धरणारा, जे मिळेल त्यावर भागवणारा. ताडोबात वाघ असतो म्हणून तो दबून राहतो, आणि जुन्नर आणि नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या उसात वाघ नाही म्हणून तोच वरचा. फरक असा की आपल्याकडचा बिबट्या वस्तीलगत जास्त सरावलाय, अकोल्याच्या शेतीभागातल्या अभ्यासात त्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. माउंटन लायन वस्तीजवळ आला तरी अजून हरणांमागेच येतो. मग कधीकधी कुणाचं कुत्रं, मांजर, शेळी जाते ते वेगळं.

बरं, माणसाला खातो का?

जवळजवळ नाही. गेल्या शंभरेक वर्षांत अख्ख्या उत्तर अमेरिकेत माणूस दगावल्याच्या नोंदी तीसच्या आतबाहेर आहेत. कॅलिफोर्नियात मार्च २०२४ मधे एक झाली, ती तिथे वीस वर्षांत पहिली. तरी समोर आलाच तर पळू नका, पळणारं ते हरीण असं त्याचं गणित. लहान मुलांना लगेच उचलून घ्या पण वाकून पाठ दाखवू नका, हात वर करा, जॅकेट पसरा, मोठ्याने ओरडा, मराठीत ओरडलात तरी चालतं, आणि नजर न काढता हळूहळू मागे सरका. अंगावर आलाच तर काठी, दगड, पाण्याची बाटली जे हातात असेल त्याने मारा, मेल्याचं सोंग वगैरे अजिबात नको. पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने हेडफोन घालून पळणं टाळा.

डोअरबेल कॅमेऱ्यात मांजरासारखं काहीतरी मोठं दिसलं, तोच असेल का?

शेपूट बघा. आखूड असेल तर बॉबकॅट, म्हणजे एक छोटं रानमांजर, आणि दहापैकी नऊ व्हॉट्सॲप फॉरवर्ड बॉबकॅटचेच असतात. लांब, जाड, टोकाला काळी, जवळपास जमिनीला टेकणारी असेल तर हो, तोच. अंगावर ठिपके असतील तर पिल्लू, मग आई जवळ आहे असं धरून चाला, कुत्र्याला आत घ्या आणि अंगणात फळं, मांजराचं खाणं असं ठेवू नका, कारण ते खायला रॅकून येतो आणि रॅकूनच्या मागे कोण येतं ते वर सांगितलंच आहे.